दिल्ली ते टोकियो : अंतर एक, वेळा दोन

दिल्ली आणि टोकियो यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर आहे. प्रवासी विमान उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते, त्यामुळे कागदावर साडेसहा तासांचा हिशेब निघतो. प्रत्यक्षात थेट विमानाला जाताना साधारणपणे साडेसात ते आठ तास लागतात आणि परतताना नऊ ते दहा.

पहिला फरक मार्गाचा आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो हिमालय आणि तिबेट ओलांडून उत्तर चीन व कोरियावरून जातो. विमाने मात्र तिबेटचे पठार शक्यतो टाळतात. याचे कारण शिखरांची उंची असावे, असा अनेकांचा समज असतो. पण अकरा किलोमीटर उंचीवरून उडणाऱ्या विमानाला एव्हरेस्टचाही अडथळा होत नाही. खरी अडचण आणीबाणीची आहे. केबिनमधील हवेचा दाब अचानक घटला, तर विमान झटपट तीन हजार मीटरच्या आसपास खाली आणावे लागते, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू बहुतेक विमानांत काही मिनिटांपुरताच असतो. आणि पठाराची सरासरी उंचीच सुमारे ४,५०० मीटर असल्याने तेथे तसे उतरायला जागाच नाही. म्हणून हिमालयाच्या दक्षिणेने, म्यानमारवरून चीनमध्ये शिरणारा थोडा लांबचा मार्ग सोयीचा ठरतो.

जाण्यायेण्यातील तफावतीला मात्र वारा जबाबदार आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम हिवाळ्यात जपानवर अतिशय प्रबळ होते, आणि तिचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना हा वारा विमानाला पाठीमागून रेटतो आणि परतताना समोरून अडवतो. उन्हाळ्यात तो मंदावून उत्तरेकडे सरकला, की तफावतही घटते. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली होती, परंतु १९२६चा त्याचा अहवाल एस्पेरांतो या जगभरातल्या लोकांसाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत असल्यामुळे तो जगात फारसा कोणी वाचला नाही. जगाला कळावे म्हणूनच त्याने ती भाषा निवडली असणार, हे लक्षात घेतले तर त्याची कीव येते.

यात भर पडते ती घड्याळाची. जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. दिल्लीहून रात्री आठला निघालेले विमान साडेसात तासांनी पोहोचले, तर टोकियोत सकाळचे सात वाजलेले असतात, म्हणजे तिकिटावर अकरा तास दिसतात. उलट टोकियोहून सकाळी साडेअकराला निघून साडेनऊ तास उडालेले विमान दिल्लीत संध्याकाळी साडेपाचला उतरते आणि तिकिटावर अवघे सहा तास दिसतात. लांबचा प्रवास आखूड आणि आखूड प्रवास लांब भासवणाऱ्या या वेळा पाहून पुढचे बेत आखू नयेत. तिकिटावर ‘एकूण कालावधी’ वेगळा छापलेला असतो, तोच पाहावा.

विमानतळाची निवडही महत्त्वाची आहे. हानेडा विमानतळ टोकियो शहराच्या मध्यभागापासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे, तर नारिता सुमारे ६० किलोमीटरवर. भाड्यात मोठा फरक नसेल, तर मी हानेडाच निवडेन.