गांजाच्या ‘हायब्रिड’ जाती आणि त्यांचा परिणाम

चोपडा तालुक्यात बियाण्यांचे दुकान चालवत असल्यामुळे ‘हायब्रिड’ म्हटले की माझ्यासमोर कपाशीचे पाकीट येते: ठरावीक नर-मादी वाणांचा संकर, पहिल्या पिढीत एकसारखी झाडे, आणि तीच सरकी पुढच्या वर्षी पेरली तर शेतात उंच-बुटक्यांची खिचडी. ज्या देशांत गांजाविक्रीला कायद्याची परवानगी आहे, तिथल्या डब्यांवरच्या ‘हायब्रिड’ला ही शिस्त क्वचितच असते. तरीही पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली आमच्याकडची मुले ‘इंडिका झोप आणते, सॅटिव्हा तरतरी देते आणि हायब्रिड दोन्हींच्या मधले’ असे मोबाइलवर वाचून येतात आणि ते पाठ केल्यासारखे सांगतात.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली या वनस्पतीचे कॅनाबिस सॅटिव्हा असे नामकरण केले आणि 1785 साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका वेगळी काढली. आजच्या व्यापारात मात्र हिंदुकुशकडच्या बुटक्या, रुंद पानांच्या आणि लवकर फुलणाऱ्या झाडांना ‘इंडिका’ म्हणतात, तर उंच, अरुंद पानांच्या आणि उशिरा फुलणाऱ्या झाडांना ‘सॅटिव्हा’. ब्रिटिश काळात आपल्या शेजारी खांडव्याकडे सरकारी परवान्याने पिकणारा गांजा अस्सल भारतीय असूनही या हिशेबाने बहुधा ‘सॅटिव्हा’तच मोडेल! गेल्या पन्नासेक वर्षांत या दोन्ही प्रकारांचे इतके संकर आणि संकरांचे पुन्हा संकर झाले आहेत, की बाजारातला जवळजवळ सगळाच माल मिश्र आहे. 2015 साली कॅनडातील संशोधकांनी नमुन्यांची जनुकीय तपासणी केली, तेव्हा लेबलवरचे इंडिका-सॅटिव्हाचे प्रमाण आणि प्रत्यक्ष वंश यांचा मेळ जेमतेमच बसला; एकाच नावाने विकले जाणारे नमुनेही कधी कधी एकमेकांपेक्षा दुसऱ्याच नावाच्या नमुन्यांना अधिक जवळचे निघाले.

एखाद्या जातीत सातत्य राखायचे असेल तर परवानगी असलेल्या देशांतले उत्पादक बियाण्यावर विसंबत नाहीत, मादी झाडाची फांदी कापून तिला मुळे फोडतात. जळगावच्या केळीसारखेच हे आहे: मुनव्यापासून (बुंध्यालगत फुटणाऱ्या कोंबापासून) किंवा टिशूकल्चरने केलेले रोप मूळ झाडाचीच नक्कल असते. नर झाडे वेळीच उपटली जातात, कारण परागीभवन झाले की मादीचा जोर बिया भरण्यात जातो आणि फुलोऱ्यावरच्या राळेच्या सूक्ष्म ग्रंथी त्या मानाने कमी भरतात.

परिणाम ठरतो तो या राळेत काय आहे यावर. नशा आणणारे टीएचसी 1964 साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. सीबीडी हा दुसरा प्रमुख घटक तशी नशा आणत नाही. कोणत्या झाडात यांपैकी काय अधिक तयार होईल हे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरते, पण पानांच्या रुंदीवरून ते ओळखता येत नाही. मिरसीन, लिमोनीन यांसारखी सुगंधी द्रव्ये वासातला फरक निश्चितच घडवतात. त्यांच्यामुळे झोप किंवा उत्साह येतो या दाव्याला माणसांवरील प्रयोगांचा आधार मात्र तोकडा आहे.

प्रमाण आणि सेवनाची पद्धत यांचा परिणाम जातीच्या नावापेक्षा कितीतरी मोठा असतो. धूर ओढल्यावर काही मिनिटांत असर जाणवतो, तर पोटात घेतल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो आणि यकृतात टीएचसीचे रूपांतर आणखी प्रभावी द्रव्यात होते. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसऱ्यांदा घेणारे नेमके इथेच फसतात. महाशिवरात्रीला भांग प्यालेल्यांची जी गत होते, तिचेही कारण बहुतेक वेळा हेच असते. शिवाय अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात 1995 साली सरासरी 4 टक्के असलेले टीएचसी 2014 पर्यंत सुमारे 12 टक्क्यांवर गेले होते. जास्त टीएचसीच्या नियमित सेवनाने भ्रम आणि मनोविकृतीचा धोका वाढतो, विशेषतः कोवळ्या वयात आणि घरात अशा आजाराचा इतिहास असेल तर.

आपल्याकडच्या कायद्याला जातीशी काहीच देणेघेणे नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे, मग ते देशी असोत की हायब्रिड. 1 किलोपर्यंतचा साठा अल्प आणि 20 किलोंपेक्षा जास्त असेल तर व्यापारी मानला जातो, आणि शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी-तुरीच्या आडोशाला जी लागवड सापडते, तशा लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.