बेरेची नोंदवही : शिक्क्याआधी शिवण

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश समजून गेल्या नोंदीत ज्या मरून रंगाच्या बेरेवर (बिनकडेच्या मऊ लोकरी लष्करी टोपीवर) मी एवढा खूश होतो, ती १९४४च्या खणातून बाहेर काढली आहे. आता ती 'शिकवणीची फी' लिहिलेल्या डब्यात.

आतला पांढरा शिक्का बघूनच भुललो होतो. कारखान्याचं नाव, साल, सरकारी बाण (ब्रिटिश सरकारी मालावरची खूण), सगळं ठसठशीत. इतकं ठसठशीत, की घामाने मळलेल्या टोपीत ते उठून दिसावं. मग भिंगाखाली बाणाच्या शेजारी पुसट '५७' दिसलं. सेंटिमीटर! युद्धातली ब्रिटिश मापं इंचांत: ६ ७/८, ७, ७ १/८. टोपी नंतरची, शिक्का त्याच्याही नंतरचा. अतिनील दिवा लावला तर गोटाची (टोपीच्या कडेला शिवलेल्या पट्टीची) टीप निळी-पांढरी उजळली. युद्धकाळातला दोरा असा चमकत नाही. अर्थात कुणी खरी टोपी आजच्या साबणात धुतली असेल तर तीही चमकते, म्हणून नुसत्या दिव्यावर निकाल देऊ नका. चामड्याचा गोट, आतली नाडी, हवेची दोन भोकं हे सगळं युद्धानंतरच्या टोप्यांतही सापडतं.

गंमत म्हणजे त्याच दिवशी 'खाकी बेरे' म्हणून स्वस्तात घेतलेली टोपी अस्सल निघाली, फक्त ती बेरे नाही! ती १९४३ साली आलेली ब्रिटिश सैन्याची जनरल सर्व्हिस कॅप. लांबून बेरेच वाटते, पण उलटी करून शिवणी बघा: वरचा गोल वेगळा, बाजू वेगळ्या, खाली कापडाची पट्टी. कापून शिवलेलं काम. शिपायांना ती आवडत नसे, आणि डोक्यावर घालून पाहिल्यावर मला त्यांचं पटलं.

खऱ्या बेरेचा घाट निराळा. लोकर आधी विणायची, मग गरम पाण्यात साबण घालून मळून आटवायची, इतकी की विणीचे टाके नमद्यात (दाबून घट्ट झालेल्या लोकरीत) मिसळून जातात. नंतर साच्यावर चढवून आकार. म्हणून वरून बोट फिरवलं तर कुठेही शिवण लागत नाही. ब्रिटनच्या रणगाडा दलाने, रॉयल टँक कोअरने, १९२४ साली ही टोपी घेतली ती काळ्या रंगात, तेलाचे डाग दिसू नयेत म्हणून. कडा नसल्यामुळे रणगाड्यातही अडत नाही. मरून रंगाची बेरे छत्रीसैनिकांना १९४२मध्ये मिळाली.

टोपीवरच्या बिल्ल्याबद्दल एवढंच: १९५३च्या आधीच्या बिल्ल्यावरचा मुकुट घुमटासारखा, राणी एलिझाबेथच्या काळातला मधे खचलेला. पण राजा चार्ल्सच्या चिन्हात घुमट परत आलाय, तेव्हा कोरा करकरीत बिल्ला दिसला तर जपून.

सध्या टेबलावर काळी बेरे आहे, माप ७. शिक्का पार उडालेला, पण एकही टीप चमकली नाही. मागे गोटाचे चार टाके उसवलेत आणि तिथून जुनी नाडी दिसते. शिवून टाकू की तशीच ठेवू? मी तशीच ठेवण्याच्या बाजूने आहे, पण चामडं तिथे तडकायला लागलंय. कुणी जुना गोट ओढ न देता टिकवला असेल तर सांगा.