प्रॉपर्टीची पदवी: भाडेकरार वाचता आला तरच एक्सेल कामाचं

प्रॉपर्टी इन्व्हेस्टमेंट अँड मॅनेजमेंट या पदवीला येणारी बहुतेक मुलं त्यातल्या पहिल्या शब्दासाठी येतात. इमारत कितीला घ्यायची, कधी विकायची, कर्ज किती काढायचं, हे त्यांना शिकायचं असतं. मॅनेजमेंट म्हणजे लिफ्ट बंद पडली की फोन उचलायचा, असा साधारण समज. तिथेच गडबड होते. इमारतीचं मूल्य ज्या आकड्यावरून काढतात तो आकडा रोजच्या व्यवस्थापनातूनच तयार होतो, आणि तो कसा तयार झाला हे ज्याला कळत नाही त्याचं मूल्यांकन कितीही देखणं असलं तरी पोकळ असतं.

सुरुवात एनओआयपासून (नेट ऑपरेटिंग इन्कम, म्हणजे इमारतीचं निव्वळ उत्पन्न) होते. इमारतीच्या भाड्यातून ती चालवण्याचा खर्च वजा केला की जे उरतं ते. समजा एका ऑफिस इमारतीत भाड्याने देण्याजोगी १०,००० चौरस फूट जागा आहे आणि भाडं चौरस फुटाला वर्षाला १००. सगळी जागा भरलेली असेल तर १० लाख. रिकामी जागा आणि बुडीत भाडं यांसाठी ७ टक्के सोडले की ९.३ लाख. पार्किंगचे वगैरे ३० हजार मिळवले की ९.६ लाख. सफाई, सुरक्षा, वीज, विमा, मालमत्ता कर, किरकोळ दुरुस्त्या आणि व्यवस्थापन शुल्क मिळून २.४ लाख. उरले ७.२ लाख, हा एनओआय.

कर्जाचा हप्ता, घसारा आणि मालकाचा आयकर यात धरायचा नाही. ते मालकाप्रमाणे बदलतात, इमारत तीच राहते. पहिल्या वर्षी हप्ता वजा करणारे हमखास निघतात. त्याहून लपून राहणाऱ्या चुका दोन. इमारत आज पूर्ण भरलेली आहे म्हणून रिकाम्या जागेची वजावट शून्य धरणं ही एक. मालक स्वतःच कारभार बघतो म्हणून व्यवस्थापन शुल्क न धरणं ही दुसरी. उद्या जो विकत घेईल त्याला ते द्यावंच लागणार आहे, किंवा स्वतःचा वेळ तरी घालावा लागणार आहे.

आता हा एनओआय कॅप रेटने भागायचा. एनओआय इमारतीच्या किमतीच्या किती टक्के आहे, तो हा दर. ८ टक्क्यांनी मूल्य येतं ९० लाख. ७.५ टक्के धरले तर ९६ लाख, ८.५ धरले तर ८४.७ लाख. अर्ध्या टक्क्याच्या फरकाने मूल्य सहा ते पावणेसात टक्के हलतं, म्हणून हा दर कुठून आणला याला परीक्षेत जास्त गुण असतात आणि असायलाच हवेत. तो तुलनात्मक व्यवहारांतून येतो. त्यात मागितलेली किंमत चालत नाही, झालेला व्यवहार लागतो. आणि एका व्यवहाराचा दर खर्चाआधीच्या भाड्यावर काढलेला, दुसऱ्याचा एनओआयवर, अशी सरमिसळ केली की सरासरीला काही अर्थच उरत नाही.

याच भागाकारात मॅनेजमेंटचं महत्त्व दडलेलं आहे. वर्षाला १०,००० चा खर्च कायमचा वाचला तर ८ टक्क्यांच्या हिशेबाने मूल्य सव्वा लाखाने वाढतं. कायमचा हा शब्द मात्र सोडायचा नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढे ढकलून वाचवलेले १०,००० म्हणजे बचत नव्हे. खरेदीआधी तपासणी करणारा इंजिनीअर ते शोधून काढतो आणि किंमत तिथेच खाली येते.

पुढच्या टप्प्यावर डीसीएफ (डिस्काउंटेड कॅश फ्लो). वर्षावर्षाचं उत्पन्न मांडायचं, शेवटी विक्री धरायची आणि सगळं आजच्या मूल्यावर आणायचं. वरच्याच इमारतीचा ७.२ लाखांचा एनओआय दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल, १० वर्षं ठेवायची, परताव्याची अपेक्षा ११ टक्के असं धरू. दहा वर्षांच्या उत्पन्नाचं आजचं मूल्य येतं ४७.४ लाख. विक्रीची किंमत काढताना अकराव्या वर्षाचा एनओआय घ्यायचा, कारण घेणारा त्याच्या पहिल्या वर्षाकडे बघून पैसे देतो. तो ९.६८ लाख. त्याला ८ टक्क्यांनी भागून १० वर्षं मागे आणलं की ४२.६ लाख. बेरीज ९० लाख. कॅप रेटने थेट काढलेलं मूल्यही तेच होतं. हा योगायोग नाही. ११ टक्क्यांतून ३ टक्क्यांची वाढ गेली की ८ टक्केच उरतात. आपला डीसीएफ बरोबर मांडला आहे का हे तपासायला ही उत्तम चाचणी आहे: वाढ स्थिर ठेवा, विक्रीचा कॅप रेट म्हणून परताव्याच्या टक्क्यांतून वाढीचे टक्के वजा करून घाला आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघा. जुळली नाहीत तर शीटमध्ये कुठेतरी वर्ष सरकलेलं आहे.

आणि बघा, मूल्याचा जवळजवळ निम्मा भाग दहा वर्षांनंतरच्या विक्रीतून आलेला आहे. तिथला दर ८.५ केला तर एकूण ८७.५ लाख, ७.५ केला तर ९२.८ लाख. इमारत दहा वर्षांनी म्हातारी होते, तरी विकतानाचा दर घेतानाच्या दरापेक्षा कमी धरलेला असेल तर समजावं की उत्तर आधी ठरलं आणि गणित मागून आलं.

एक्सेलमधल्या दोन खोड्या सांगून ठेवतो. एनपीव्हीचं (पुढच्या रकमांचं आजचं मूल्य काढणारं) फंक्शन पहिला आकडा एका वर्षानंतरचा समजतं, म्हणून आजची खरेदीची रक्कम त्याच्या कंसाबाहेर ठेवून वेगळी मिळवावी लागते. दुसरी, महिन्याच्या हिशेबासाठी वर्षाचे १२ टक्के सरळ १२ ने भागायचे नाहीत. १२ टक्के हा वर्षाचा प्रत्यक्ष परतावा असेल तर महिन्याचा दर १ नसून ०.९४९ टक्के येतो. आर्गस एंटरप्राइजसारखं सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी शिकवतात आणि नोकरीत त्याचा उपयोगही होतो, पण एकदा तरी सगळं मॉडेल कोऱ्या शीटवर हाताने बांधल्याशिवाय त्याला हात लावू नये.

कर्जाच्या प्रकरणात एक सापळा प्रत्येक तुकडीत लागतो. इमारत ८ टक्के देते, कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, म्हणजे कर्ज काढणं फायद्याचं. इतकं सोपं नसतं. २० वर्षांचं, मासिक हप्त्यांचं ७ टक्क्यांचं कर्ज घेतलं तर वर्षाचे हप्ते कर्जाच्या ९.३ टक्के होतात, कारण त्यात मुद्दलही आहे. किमतीच्या ६० टक्के कर्ज असेल तर १०० पैकी ५.५८ हप्त्यात जातात. ८ मधून उरले २.४२, तेही स्वतःच्या ४० वर. म्हणजे हातात पडणारा परतावा ८ वरून साधारण ६ टक्क्यांवर आला. पहिल्या वर्षात फिटलेलं मुद्दल धरलं तर तोच ९.६ च्या आसपास जातो. कर्ज फायद्याचं की तोट्याचं, याचं उत्तर रोख रकमेचा प्रश्न आहे की संपत्तीचा, यावर ठरतं. उत्तरपत्रिकेत दोन्ही आकडे लिहावेत. बँक मात्र वेगळाच आकडा बघते: एनओआय भागिले वर्षाचे हप्ते, इथे १.४३. हा आकडा १.२ च्या खाली जायला लागला की बहुतेक बँका हात आखडता घेतात.

आता भाडेकरार. इतका वेळ भाडं १०० धरलं, पण हे १०० म्हणजे नक्की काय? समजा ५ वर्षांच्या करारात पहिले ६ महिने भाडं माफ आहे. ५४ महिन्यांचं भाडं ६० महिन्यांवर पसरलं की ९० होतं. शिवाय मालकाने भाडेकरूच्या अंतर्गत सजावटीसाठी चौरस फुटाला २५ दिले असतील तर वर्षाला आणखी ५ गेले. करारावर १००, हातात ८५. शेजारच्या इमारतीचं भाडं ठरवताना हा करार १०० चा पुरावा म्हणून वापरला की अख्ख्या परिसराचं मूल्यांकन फुगतं. उलट ८५ हेच कायमचं धरलं तर प्रत्येक पुढचा भाडेकरूही इतकीच सवलत घेणार असं गृहीत धरल्यासारखं होतं. सवलत डीसीएफमध्ये ज्या महिन्यात आहे त्याच महिन्यात दाखवावी, हे सर्वांत स्वच्छ.

करार वाचण्याची सवय लावायची तर प्रत्येक कराराचा एका पानाचा गोषवारा काढा. पक्ष, जागा, मुदत, भाडं, वाढ कधी आणि कशी, मुदतीआधी बाहेर पडण्याचा हक्क कोणाला आणि किती नोटिशीवर, दुरुस्ती कोणाची, पोटभाडेकरू ठेवता येतो का, जागा परत करताना ती कोणत्या स्थितीत हवी. यातल्या तारखा वेगळ्या डायरीत. भाडेवाढीची नोटीस एका दिवसाने चुकली तर काही करारांत पुढच्या वाढीपर्यंत वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मुदतीआधी बाहेर पडण्याचं कलम असलेला १० वर्षांचा करार मूल्यांकनात १० वर्षांचा धरायचा नसतो, पहिल्या बाहेर पडण्याच्या तारखेपर्यंतच खात्रीने धरता येतो. आणि करार संपला की भाडेकरू जाणार की राहणार? तो राहण्याची शक्यता ७० टक्के आणि गेला तर जागा भरायला ६ महिने असं धरलं तर सरासरी १.८ महिन्यांचं भाडं बुडतं. एवढी साधी ओळ कित्येक मॉडेलमध्ये नसतेच.

सामाईक खर्चाच्या वसुलीत तर एका शब्दाने लाखोंचा फरक पडतो. समजा या इमारतीचे २.४ लाख करारानुसार भाडेकरूंकडून त्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वसूल करायचे आहेत आणि २० टक्के जागा रिकामी आहे. प्रमाण ‘एकूण भाडेयोग्य क्षेत्राशी’ असेल तर रिकाम्या जागेचे ४८,००० मालकाच्या माथी. ‘भाड्याने दिलेल्या क्षेत्राशी’ असेल तर तेही उरलेल्या भाडेकरूंवर. वर्षाचे ४८,००० म्हणजे ८ टक्क्यांनी ६ लाखांचं मूल्य. ते एका कलमात बसलेलं असतं आणि ते शोधायला एक्सेल लागत नाही, डोळे लागतात. दुसरी बाजूही आहे: भाडेकरू हा भार का उचलेल? जाणकार वकील असेल तर तो करार करतानाच हे कलम बदलून घेतो.

मोजणीचंही तसंच. भाडं क्षेत्रफळावर असतं, आणि क्षेत्रफळ कशाला म्हणायचं हे पद्धतीनुसार बदलतं. बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून मोजायचं की बाहेरच्या, खांब धरायचे का, जिना आणि स्वच्छतागृह कोणाचं, १.५ मीटरपेक्षा कमी उंचीची जागा सोडायची का. देशोदेशी पद्धती वेगळ्या, म्हणून आयपीएमएस ही आंतरराष्ट्रीय मानकं आली. ऑफिससाठीची २०१४ मध्ये. वर्गात हे कंटाळवाणं वाटतं. लेझर मीटर घेऊन एक खरा मजला मोजायला गेलं आणि दोन जणांच्या उत्तरांत ४ टक्के फरक आला की कंटाळा जातो.

मोठ्या दुरुस्त्यांचा निधी हा आणखी एक दुर्लक्षित भाग. १० वर्षांनी वातानुकूलन यंत्रणा बदलायची, आजचा खर्च १० लाख, निधीवर ५ टक्के व्याज. वर्षाला साधारण ७९,५०० बाजूला टाकले की पुरे, असं उत्तर येतं. ते चूक आहे, कारण दहा वर्षांनी यंत्रणा १० लाखांना मिळणार नाही. किंमत वर्षाला ४ टक्क्यांनी वाढली तर १४.८ लाख लागतील आणि वर्षाला सुमारे १,१७,७०० टाकावे लागतील. हा फरक नंतर भाडेकरूंकडे एकरकमी मागायला गेलं की भांडणं सुरू होतात.

बाकी विषय थोडक्यात. अर्थशास्त्रात भाडं, किंमत, बांधकाम आणि एकूण साठा यांना एकत्र बांधणारं डीपास्क्वाले आणि व्हीटन यांचं १९९२ चं चार चौकोनांचं मॉडेल नीट समजून घ्या. बांधकामाला वेळ लागतो म्हणून मागणी ओसरल्यावर नव्या इमारती तयार होतात, ही एक गोष्ट त्यासोबत पक्की झाली तरी पुष्कळ. कायदा ज्या देशात शिकाल तिथलाच असतो. मालकी, भाडेपट्टा आणि केवळ वापराचा परवाना यांतला फरक समजण्याची रीत मात्र सगळीकडे उपयोगी पडते. पोर्टफोलिओच्या पेपरात प्रॉपर्टी शेअर्सपेक्षा फारच कमी जोखमीची दिसेल. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मूल्यांकनावर आधारलेले निर्देशांक जुन्या मूल्यांकनांना धरून हळूहळू सरकतात, म्हणून चढउतार खरे आहेत त्याहून कमी दिसतात.

प्रबंधाचा विषय निवडताना आधी आकडेवारी हातात घ्या, मग प्रश्न ठरवा. खासगी भाडेकरारांची माहिती मिळवता मिळवता सत्र संपतं. शेअर बाजारात नोंदलेल्या रीटची (लोकांचे पैसे भाड्याच्या इमारतींत गुंतवणाऱ्या संस्थांची) माहिती आणि वार्षिक अहवाल मात्र उघड असतात.

विद्यापीठ निवडताना मान्यता बघाच. आरआयसीएस ही सर्व्हेअर, म्हणजे मालमत्तेचं मूल्यांकन, मोजणी, व्यवस्थापन करणाऱ्या व्यावसायिकांची १८६८ मध्ये स्थापन झालेली संस्था अनेक देशांतल्या पदव्यांना मान्यता देते. मान्यताप्राप्त पदवीनंतरही नव्या पदवीधराला साधारण २४ महिन्यांचं नोंदवहीसह प्रशिक्षण आणि शेवटी मुलाखत असते, म्हणजे पदवी मिळाली की सर्व्हेअर झालो असं नाही. त्याशिवाय प्रवेशाआधी विभागाला दोन प्रश्न विचारा: पूर्ण लांबीचा, कलमं न छाटलेला भाडेकरार विद्यार्थी किती वेळा वाचतात, आणि वर्षभराच्या सामाईक खर्चाचा ताळेबंद त्यांना स्वतः जुळवायला लावतात का? उत्तरादाखल फक्त पाहुण्या वक्त्यांची यादी पुढे आली तर दुसरा अभ्यासक्रम बघा.