पाणी काळं झालं, पीएच मात्र ढिम्म

ब्लॅकवॉटरचं, म्हणजे माशांच्या टँकमधे पानं घालून पाणी तपकिरी आणि आम्लधर्मी करायचं, खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते कार्डिनल टेट्रांमुळे. हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रो आणि ओरिनोको नद्यांच्या वरच्या भागातले, तिथे पानं-लाकडं कुजून टॅनिन आणि ह्युमिक आम्लं उतरतात त्यामुळे पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी, आणि क्षार त्यात जवळपास नाहीतच. माझा 100 लिटरचा टँक म्हणजे आरशासारखं स्वच्छ पाणी, वर झगझगीत लाईट आणि मासे सगळे फिल्टरमागे दडून बसलेले.

जंगली बदामाची (इंडियन आल्मंड) झाडावरून गळून पडलेली सुकी पानं जमवली (हिरवी तोडून टाकायची नाहीत, आणि औषध फवारलेल्या झाडाखालची तर नाहीच नाही), धुतली आणि सहा पानं सोडली. दोन दिवस नुसती तरंगत होती, मग बसली खाली. पण रंग काही येईना. आठवड्याने लक्षात आलं की फिल्टरमधे ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी तशीच आहे, म्हणजे मी टॅनिन घालतोय आणि तो बसून गोळा करतोय! पिशवी काढली आणि तीन-चार दिवसांत पाणी मस्त सोनेरी झालं.

मग मोठ्या उत्साहाने टेस्ट किट काढलं तर पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, तो खाली यायला हवा होता) 7.8, पहिल्या दिवशी होता तेवढाच. मला वाटलं पानं कमी पडली, म्हणून एका दमात अजून पंधरा टाकली आणि इथेच माती खाल्ली. दोन दिवसांनी सकाळी बघतो तर पाणी दुधाळ गढूळ आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडबंद करतायत. एवढी पानं एकदम कुजायला लागली की बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. घाईघाईने हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावला, निम्म्याहून जास्त पानं उपसली, पाणी बदललं. मासे वाचले, नशीब माझं.

त्यानंतर एकदाची केएच टेस्ट (पाण्यात बायकार्बोनेट किती ते मोजणारी) केली, जी खरं तर सगळ्यात आधी करायला हवी होती. टेस्ट ट्यूबमधे एकेक थेंब टाकत मोजायचं, निळं पाणी पिवळं होईपर्यंत. पाच झाले, सहा झाले, अजून निळंच, नवव्या थेंबाला पिवळं झालं. केएच 9! पाण्यातले बायकार्बोनेट पानांचं सौम्य आम्ल तिथल्या तिथे जिरवत होते, रंगाचा आणि पीएचचा काही संबंधच नव्हता. अशा पाण्यात पोतंभर पानं टाकली तरी फक्त रंग गडद होणार.

मग तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचं पाणी असं मिक्स करून थोडं थोडं बदलत गेलो, दर वेळी 15 टक्क्यांच्या वर नाही. दीड-दोन महिने गेले त्यात, कंटाळा आला होता पण एकदम बदललं तर मासे झटका खातात. केएच 2 वर आला तेव्हा कुठे तीच पाच-सहा पानं पीएच 6.6 पर्यंत घेऊन आली. त्याच्या खूप खाली मी मुद्दाम जात नाही, कारण आम्लधर्मी पाण्यात फिल्टरमधले अमोनिया खाणारे बॅक्टेरिया मंदावतात आणि केएच पार शून्यावर गेला तर पीएच कधी कोसळेल नेम नाही.

मधे टँकमधल्या नवीन ड्रिफ्टवूडवर (सजावटीच्या लाकडावर) पांढरी बुळबुळीत बुरशी आली होती. घाबरून घासत बसलो, उगाच, ती आपोआप गेली. पाणवनस्पतींपैकी व्हॅलिस्नेरिया मात्र अंधुक उजेडात टिकलं नाही, ॲन्युबिआस आणि जावा फर्नला काही फरक पडला नाही.

आता वॉटर चेंजच्या आदल्या दिवशी बादलीत दोन पानं भिजत घालतो म्हणजे नवीन पाणी पण त्याच रंगाचं जातं. आणि टेट्रा फिल्टरमागून बाहेर आलेत, भर दुपारी मधोमध फिरतात, निळा पट्टा त्या तपकिरी पाण्यात असा पेटल्यासारखा दिसतो की मोबाईलच्या फोटोत येतच नाही, खूप प्रयत्न केले.