गॅरेज वर्कशॉप, महिना तिसरा: बेंच उभं राहिलं एकदाचं

मागच्या वेळी म्हणलेलो की महिनाभरात सुतारकामाचं बेंच उभं करतो. तर उभं राहिलंय, पण ज्या कारणानं उशीर झाला ते ऐकून हसाल.

आमच्या रो हाऊसचं पार्किंग 17 बाय 9 फूट, गाडी आता गेटबाहेर असते (घरच्यांचा निषेध रोज नोंदवला जातो). पाणी बाहेर जावं म्हणून फरशीला गेटकडे उतार असतो हे काय मला माहीत नव्हतं असं नाही, पण बेंच ठेवेपर्यंत त्याचं काही वाटत नाही. गवंडी लोकं करतात तशी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघितली तर मागच्या भिंतीपासून गेटपर्यंत अडीच इंच निघाला, म्हणजे माझ्या 6 फुटी बेंचखाली पाऊण इंचाहून जरा जास्तच. मग मी हुशारी केली आणि पाय त्याच मापानं कमीजास्त कापले, स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा एकदम मधोमध, भारी वाटलं. आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की खिडकी समोरच्या भिंतीला आहे, उजेड सगळा पाठीमागून येतोय आणि आखलेल्या रेघेवर माझीच सावली. बेंच उचलून समोरच्या भिंतीला लावलं, म्हणजे टोकं उलटी झाली, म्हणजे आखूड पाय उताराच्या बाजूला, आणि फरक गेला पावणेदोन इंचावर!! पेन्सिल ठेवली की गेटकडे पळायची.

शेवटी चारही पायांच्या बुडात भोक पाडून नट ठोकला आणि खालून लांब बोल्ट फिरवले, आता पान्यानं वरखाली होतं. हे आधीच केलं असतं तर पाय कापायची गरजच नव्हती, तुम्ही कापू नका.

पाय जुन्या वाड्याच्या सागवानी चौकटीचे आहेत. लाकूड अप्रतिम, पण आतमध्ये एक खिळा मुंडी तुटून लपलेला होता, रंध्याच्या पात्याला असला खाचा पडला की अख्खा रविवार दगडावर घासण्यात गेला. आता जुनं लाकूड आणलं की आधी लोहचुंबक फिरवतो. वरचा टॉप म्हणजे 19 एमएमचे दोन प्लाय फेविकॉलनं चिकटवलेत, उंची 34 इंच, हात खाली सोडला की मनगटाला लागते. रंधा मारताना कंबर दुखत नाही, बास.

वायरिंग मात्र स्वतः केलं नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावलं. पार्किंगमध्ये फक्त लाईटच्या लाईनवरचा एक छोटा सॉकेट होता, आणि सर्क्युलर सॉ 1200 वॉट, धूळ ओढायला व्हॅक्यूम 1400 वॉट, दोन्ही एकदम म्हणजे 11 अँपियरच्या वर, त्यात सुरू होतानाचा झटका वेगळा. मेन बोर्डापासून 4 स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, 20 अँपियरची एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायला लागला की लाईन तोडणारा स्विच). पावसात ओल्या फरशीवर उभं राहून मशीन चालवायची असेल तर या शेवटच्या वस्तूत काटकसर नको.

आता गंज. पहिल्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी पटाश्या (लाकडाच्या छिन्न्या) नारिंगी! मशीन ऑइलचा हात फिरवून ठेवलं तरी येतोच थोडा. आता प्लायचं बंद कपाट केलंय आणि आत झिरोचा दिवा दिवसरात्र चालू, तोही जुना तारेचा, एलईडीवाला गरम होत नाही त्यामुळे काही उपयोग नाही. पंधरा दिवस झाले, पटाश्या स्वच्छ. करवतीच्या पात्यावर मेणबत्ती घासतो, गंजही कमी आणि चालतेही सरसर.

शिकंजा (लाकूड घट्ट पकडायचा व्हाइस) अजून लावलेला नाही. जुन्या बाजारात एक 6 इंची लोखंडी मिळालाय, स्क्रू जाम होता, डिझेलमध्ये बुडवून ठेवलाय, काल अर्धा फेरा फिरला.