अरबी समुद्राच्या जुन्या नोंदी तपासताना

समुद्र तापतोय हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण कधीच्या तुलनेत, असं कुणी विचारलं की जुन्या नोंदी काढाव्याच लागतात. आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे फ्लोट, म्हणजे आपोआप मोजमाप करणारी तरंगती उपकरणं, समुद्रात उतरू लागली ते साधारण २००० सालापासून. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीवरून वर येताना ती तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहाकडे पाठवतात. त्याआधीच्या बहुतेक नोंदी माणसांनी जहाजावर उभं राहून घेतलेल्या आहेत. अरबी समुद्राच्या अशा नोंदी एकत्र आणून, तपासून, जगातल्या कुणालाही वापरता येतील अशा स्थितीत आणणं हे गेली काही वर्षं माझं काम आहे. त्यात काय काय पार करावं लागतं, ते लिहिते.

आमच्या भागातला मोठा साठा आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा, १९५९ ते १९६५ या काळातला. अनेक देशांची जहाजं त्यात होती. भारतीय नौदलाचं 'किस्तना' होतं, सोव्हिएत रशियाचं 'वित्याझ' होतं, आणि अमेरिकेचं 'अँटन ब्रुन' म्हणजे तर राष्ट्राध्यक्षांची जुनी नौका, संशोधनासाठी बदलून घेतलेली. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. मोहिमेच्या बऱ्याचशा नोंदी आज 'वर्ल्ड ओशन डेटाबेस' या जगभरच्या सागरी नोंदींच्या खुल्या साठ्यात मिळतात. देशोदेशीच्या कपाटांतले कागद शोधून ते संगणकात आणायचं काम १९९३ मध्ये सिडनी लेव्हिटस यांच्या पुढाकाराने सुरू झालं. ते झालं नसतं तर पन्नास-साठच्या दशकांतला समुद्र आपल्या हाती फारच थोडा उरला असता.

डेटा उतरवून घेणं सोपं आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

पहिली अडचण जागेची. एका जुन्या क्रूझमधली, म्हणजे संशोधन-सफरीतली, काही स्टेशनं (जहाज थांबवून मोजमाप घेतलेल्या जागा) नकाशावर विचित्र जागी पडत होती. एका ठिकाणची खोली कमी, आणि मोजमाप मात्र त्याहून खोलवरचं. पुढच्या दोन स्टेशनांमधलं अंतर आणि वेळ पाहिली, तर जहाज मध्येच रेंगाळलेलं आणि मग अशक्य वेगाने पळालेलं दिसत होतं. मी रेखांशांचा पूर्ण स्तंभ कागदावर छापून घेतला: ७२.५८, ७२.१४, ७१.४०, ७१.०५... दशांश चिन्हापुढे साठ किंवा त्याहून मोठा आकडा एकदाही नव्हता. म्हणजे हे दशांश नव्हेत, मिनिटं आहेत. ७२ अंश ५८ मिनिटं असं लिहिलेलं कुणीतरी ७२.५८ म्हणून भरलं होतं. खरा आकडा ७२.९७. गोव्याच्या अक्षांशावर हा फरक चाळीस किलोमीटरच्या पुढे जातो, आणि भूखंड मंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेला एवढ्या अंतरात उथळ समुद्र संपून खोल समुद्र सुरू झालेला असतो. मिनिटं धरून पुन्हा मांडणी केली तेव्हा जहाजाचा वेग सरळ झाला आणि खोलीही जुळली.

दुहेरी नोंदींचं काम कंटाळवाणं, पण टाळता येत नाही. एकच स्टेशन एकदा क्रूझ रिपोर्टमधून आलेलं असतं, एकदा राष्ट्रीय केंद्राकडून. एकात प्रत्यक्ष मोजलेल्या खोल्या असतात, दुसऱ्यात ५०, ७५, १००, १२५ अशा ठरलेल्या खोल्यांवर बसवलेले आकडे. नोंदी तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामला ती दोन वेगळी स्टेशनं वाटतात. अशा वेळी प्रत्यक्ष खोल्यांची नोंद ठेवायची आणि दुसरीला जोडनोंद म्हणून खूण करायची.

सगळ्यात जास्त वेळ घेतला एक्सबीटीने. हे जहाजावरून पाण्यात सोडायचं छोटं नळकांडं. केसासारखी बारीक तांब्याची तार उलगडत ते खाली जातं आणि तारेतून तापमान वर कळवतं. ते खोली मात्र मोजत नाही. पाण्यात पडून किती सेकंद झाले त्यावरून खोली गणिताने काढायची. कंपनीने दिलेल्या मूळ समीकरणापेक्षा नळकांडं वेगाने पडतं असं दिसून आलं आणि १९९५ मध्ये नवी समीकरणं आली. फरक साधारण तीन टक्क्यांचा, म्हणजे सातशे मीटरवर वीसेक मीटर. पुढे २००७ मध्ये हेही लक्षात आलं की ही चूक वर्षागणिक बदलत गेलेली आहे. सत्तरच्या दशकात महासागरांची उष्णता एकदम फुगून नंतर उतरल्यासारखी दिसत होती, तो फुगवटा बराचसा या उपकरणाचा होता.

आता नोंद समोर आहे, पण नळकांडं कुठल्या प्रकारचं होतं ते लिहिलेलं नाही. जगभरच्या जुन्या एक्सबीटी नोंदींपैकी जवळजवळ निम्म्यांची हीच गत. त्यात आणखी एक पेच: समोरची खोली जुन्या समीकरणाची की आधीच कुणी सुधारलेली? सुधारलेलीच पुन्हा सुधारली तर चूक दुसऱ्या बाजूला जाते. मूळ कागदावर "टी-४" असं नळकांड्याच्या प्रकाराचं नाव एवढं जरी कुणी लिहून ठेवलेलं असलं तरी माझं काम होतं. तापमानाच्या शेकडो आकड्यांपेक्षा ती दोन अक्षरं मला जास्त मोलाची वाटतात.

एक्सबीटीची रेघ, म्हणजे खोलीप्रमाणे बदलणाऱ्या तापमानाचा आलेख, वाचायला मला शिकवलं ते आयुष्यभर जहाजांवर एक्सबीटी सोडलेल्या एका निवृत्त तंत्रज्ञांनी. तार जहाजाला घासली की रेघ कशी थरथरते, तुटली की आकडा एकदम कसा वर उडतो, हे ते पडद्यावर बोट ठेवून दाखवत. लक्षद्वीपजवळच्या काही जानेवारीतल्या प्रोफाइलना (वरपासून खोलपर्यंतच्या अशा एकेका मोजमापाला) प्रोग्रामने 'वाईट' अशी खूण केली होती, कारण वरचं पाणी थंड आणि त्याखालचं अर्धा-एक अंश गरम होतं. ते म्हणाले, "अहो मॅडम, महिना बघा ना आधी. तिथं हिवाळ्यात असंच असतं."

आणि ते खरंच आहे. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी क्षारांचं पाणी श्रीलंकेला वळसा घालून आग्नेय अरबी समुद्रात येतं. हलकं असल्यामुळे ते वर राहतं. थंडीत निवलं तरी बुडत नाही, आणि खालचं खारट पाणी गरमच राहतं. याच पट्ट्यात पुढे एप्रिल-मे महिन्यांत पाणी तीस अंशांच्या वर जातं आणि मान्सूनचे अभ्यासक त्याकडे डोळे लावून बसतात. अशा नोंदी 'वाईट' म्हणून काढून टाकल्या तर या समुद्राचा एक खरा गुण डेटाबेसमधून पुसला जाईल. सोमालियाच्या किनाऱ्यालाही हेच. ऑगस्टमध्ये तिथे खालचं पाणी वर येतं आणि पृष्ठभाग वीस अंशांच्याही खाली जातो. उष्ण कटिबंधासाठी ठरवलेली सरसकट मर्यादा लावली की तो आकडा अडकतो.

माझं यावर ठाम मत आहे. मूळ आकडा कधीही पुसू नये. खूण ही तपासणाऱ्याचं मत असते. ती कुठल्या चाचणीने आली, कुणी आणि का केली, हे शेजारी लिहिलेलं असलंच पाहिजे, म्हणजे उद्या तो समुद्र जास्त जाणणारं कुणी आलं की ती बदलता येते. जुन्या सागरी नोंदी तपासणाऱ्या 'आयक्वॉड' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची पद्धत मला म्हणूनच पटते. वेगवेगळ्या संस्थांच्या चाचण्या ते हाताने तपासलेल्या एकाच साठ्यावर चालवतात. वाईट किती पकडले याबरोबर चांगले किती विनाकारण अडकले, हेही मोजतात.

खुणांचे आकडेही नीट बघावे लागतात. वर्ल्ड ओशन डेटाबेसमध्ये शून्य म्हणजे स्वीकारलेली नोंद. आर्गोच्या पद्धतीत शून्य म्हणजे अजून तपासलीच नाही, आणि चांगल्याला एक. दोन साठे जोडताना आधी याचा तक्ता करून घेतला नाही तर न तपासलेलं सगळं 'चांगलं' म्हणून आत येतं. आमचा संच पाठवताना आम्ही मूळ आकडा, सुधारलेला आकडा, खूण आणि कारण असे चार स्तंभ ठेवले. तपासणाऱ्यांनी काही क्रूझ परत पाठवल्या. हिवाळी नोंदींना 'चांगली' म्हटलंय त्याचा पुरावा मागितला. जवळपासच्या स्टेशनांची क्षारता लावून, घनता खाली वाढतच जाते हे दाखवल्यावर त्या स्वीकारल्या गेल्या.

काम संपलेलं नाही. महाविद्यालयांत, मत्स्य विभागाच्या जुन्या दफ्तरांत, निवृत्त खलाशांच्या घरी अजून लॉगशीट, म्हणजे जहाजावर हाताने लिहिलेल्या नोंदींचे कागद, असतील. तुमच्या पाहण्यात असं काही आलं तर रद्दीत जाऊ देऊ नका. आकडे टाइप करत बसायची गरज नाही. सपाट ठेवून प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि समुद्रविज्ञानाच्या डेटा केंद्राला कळवा. फक्त पानाचा वरचा भाग फोटोत कापला जाऊ देऊ नका. जहाजाचं नाव, तारीख, घड्याळ भारतीय वेळेचं की ग्रीनिचचं, आणि उपकरण कुठलं, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं.