नोटीस दिली होती ना!

पिंपरी-चिंचवडमधल्या कुदळवाडीतली शेड पाडली त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी धो धो वाहत होते. आम्ही मोशीच्या बाजूला राहतो, म्हणजे हे काही टीव्हीवर बघितलेलं प्रकरण नाही, धूळ गॅलरीतून दिसत होती. 'एकदाचं साफ झालं', 'आता खिडकी उघडता येईल', 'साहेबांना सलाम', आणि मग थोड्या वेळाने ठरलेलं, 'तिकडे सगळे बांगलादेशी नाहीतर रोहिंगेच होते'. एकाने दबकत दबकत लिहिलं की अहो माझ्या मेव्हण्याचं पण वर्कशॉप होतं तिथे, वीस वर्षं झाली त्याला, तर दोन मिनिटांत उत्तर, 'नोटीस दिली होती ना!' त्यावर तीन अंगठे.

हे वाक्य त्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकलं, चहाच्या टपरीवर, ऑफिसात, घरात सुद्धा, की त्याच्याबद्दल लिहायचंच असं ठरवलं होतं. राहून गेलं. आता लिहितोय.

जे पुण्याबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चिखली, कुदळवाडी, जाधववाडी हा पिंपरी-चिंचवडचा उत्तरेकडचा भाग, १९९७ ला आसपासची गावं महापालिकेत घेतली त्यातला. एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला भोसरी एमआयडीसी आणि तळवडे, पुढे चाकण. शेती परवडेना म्हणून शेतकऱ्यांनी पत्र्याचे शेड टाकले, भाड्याने दिले, अकरा महिन्यांचे करार होत गेले आणि बघता बघता सगळा पट्टा शेडने भरला. २०२५ च्या जानेवारीअखेर अतिक्रमणचं पथक आलं, लोकांनी विरोध केला, थोडी मुदत मिळाली, आणि ८ फेब्रुवारीपासून जे चालू झालं ते आठवडाभर. ४,००० हून जास्त बांधकामं, ८०० एकरांच्या वर एरिया. दररोज पोलिसांचा मोठा बंदोबस्त आणि ओळीने पोकलेन.

आता एक गोष्ट सरळ मान्य करूया, धूर खरा होता. ज्यांना कुदळवाडी म्हणजे गरीब बिचारे छोटे व्यावसायिक एवढंच माहितीये त्यांनी तिथे रात्री एकदा येऊन बघायला हवं होतं. तांबं काढायला वायरी जाळायचे, प्लॅस्टिक जाळायचे, तो वास घशात बसायचा. आगी तर विचारूच नका, एक गोडाऊन पेटलं की शेजारची धडाधड पेटायची, कारण दोन शेडमध्ये जागाच नाही, अग्निशमनची गाडी आत वळणार कुठून. सांडपाणी नाल्यात, नाला इंद्रायणीत, आणि मग आळंदीला नदी फेसाळली की आपण सगळे माउलींच्या नावाने हळहळणार. डीपीतले, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातले, रस्ते वर्षानुवर्षं कागदावरच होते ते याच्यामुळेच. आमच्या सोसायटीने सुद्धा तक्रारी केल्यात, मीही सह्या केल्यात आणि त्या सह्यांबद्दल मला आजही काही वाटत नाही.

पण तिथे नुसतं भंगार नव्हतं ना राव. एक रस्ता घ्या, कोपऱ्यावर जुनी दारं-खिडक्या आणि प्लायवूड विकणारा, त्याच्या मागे लाकडी पॅलेट बनवणारा, मग पावडर कोटिंग, मग फॅब्रिकेशन, मग आत गल्लीत लेथ न् व्हीएमसीवाले (व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), जॉबवर्कवाले. चाकणला नाहीतर भोसरीला जी गाडी असेंबल होते तिचा एखादा ब्रॅकेट, एखादं बुश कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये टर्न झालेलं असतं. मोठ्या कंपनीचा व्हेंडर, त्याचा व्हेंडर, त्याचा जॉबवर्कवाला, असं ते उतरत उतरत कुदळवाडीत येतं. एमआयडीसीत जा म्हणणं सोपं आहे, पण दोन मशीनवाल्याला तिथला प्लॉट झेपत नाही आणि भाड्याचा गाळाही झेपत नाही, झेपला असता तर हौसेने कोण चिखलात बसलंय.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत, नाव कशाला. आधी टर्नर होते, व्हीआरएस घेतली आणि त्या पैशात एक जुनी लेथ घेतली, मग कर्ज काढून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ, मग अजून कर्ज काढून व्हीएमसी. 'नोटीस दिली होती ना' हे त्यांनाही कोणीतरी तोंडावर म्हणालं. आता नोटीस म्हणजे लेथवाल्याला नक्की काय असतं ते ऐका. व्हीएमसी म्हणजे पाच-सहा टनाचं धूड. उचलायला हायड्रा म्हणजे छोटी क्रेन लागते, आणि सगळ्या कुदळवाडीला एकाच आठवड्यात हायड्रा हवा होता, त्यामुळे हायड्रावाले फोनच उचलत नव्हते, उचलला तर मागेल तो रेट. बरं उचललं, ठेवायचं कुठे? नवीन शेड शोधा, शेडवाल्यांनीही भाडी वाढवलेली. फरशी वजन पेलणारी पाहिजे. थ्री फेज पाहिजे, वाढीव लोड मंजूर व्हायला हेलपाटे. मग लेव्हल लावा, सर्व्हिस इंजिनियरला बोलवा, पहिला पीस काढा, कंपनीच्या क्वालिटीवाल्याकडून पास करून घ्या. जागा बदलली म्हणून काही कंपन्या पुन्हा ऑडिट लावतात ते वेगळंच. तोवर कंपनी थोडीच थांबते, तिने तो पार्ट दुसऱ्या कोणाला दिलेला असतो, आणि एकदा गेलेला पार्ट परत येत नाही हे या धंद्यातलं शेंबडं पोर पण सांगेल.

काकांनी व्हीएमसी एका मित्राच्या प्लॉटवर ताडपत्री टाकून ठेवली होती. बंद मशीनच्या कंट्रोलरला आत एक छोटी बॅटरी असते, ती संपली की सगळे पॅरामीटर उडतात, मशीन नुसता लोखंडाचा ठोकळा होऊन बसतं. तर ते बॅटरी बदलायला म्हणून तिथे जायचे, पण सप्लाय नाही, आणि काही कंट्रोलरची बॅटरी सप्लाय चालू ठेवूनच बदलावी लागते. मग शेजारून जनरेटर आणून, वायर ओढून, पाच मिनिटांचं काम अख्खी दुपार. आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ईएमआय मात्र बरोबर कापला जायचा, त्याला कुठलीच नोटीस लागत नाही.

शेडचा पत्रा न् अँगल तर तिथल्या तिथे किलोवर गेले. बाहेरून पिकअप घेऊन आलेले लोक पडेल त्या भावात उचलत होते.

आणि ते 'टॅक्स भरत नाहीत फुकटे' प्रकरण. अनधिकृत बांधकामाला मिळकतकर लागतो, आणि २००८ पासून कायद्यातच वर दंड म्हणून शास्तीकर होता, कराच्या दुप्पट. पिंपरी-चिंचवडमध्ये त्या शास्तीकरावर किती निवडणुका लढवल्या गेल्या ते इथल्या माणसाला सांगायला नको, शेवटी २०२३ मध्ये तो माफ झाला. आता कायदा स्पष्ट आहे की कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, ठीक, पण शेडवाल्याच्या डोक्यात काय बसतं? बिल येतंय, मीटर आहे, शॉप अॅक्ट आहे, जीएसटी आहे, लघुउद्योग नोंदणीचं उद्यम सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, बँकेने त्याच पत्त्यावर कर्ज दिलंय. एवढे सरकारी कागद एका पत्त्यावर आल्यावर माणूस म्हणणारच की आपलं काहीतरी बऱ्यापैकी कायदेशीर आहे.

कोर्टाचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझरबद्दल निकाल दिला होता, म्हणजे कुदळवाडीच्या तीनच महिने आधी. न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन. गवई आपल्या अमरावतीचे, तेव्हा पेपरात कौतुकही झालं होतं. त्यात १५ दिवसांची नोटीस, माणसाचं म्हणणं ऐकायचं, आदेश झाल्यावर परत १५ दिवस, पाडताना व्हिडिओ. रस्ता, फूटपाथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे लागू नाही. आणि त्याच फेब्रुवारीत तिकडे मालवणला काय झालं? २३ तारखेला भारत-पाकिस्तान मॅच, घोषणा दिल्याचा आरोप, आणि २४ ला त्या भंगारवाल्याचं दुकान जमीनदोस्त. ते दुकान अनधिकृत आहे हे बरोब्बर मॅचनंतर लक्षात आलं. त्यावर सुप्रीम कोर्टात अवमानाची याचिका गेली, कोर्टाने नोटीसही काढली. आमच्या ग्रुपवर मात्र मालवणलाही टाळ्याच.

पण मला खरं जे सांगायचंय ते मे महिन्याचं आहे.

१७ मे २०२५, पुन्हा चिखली, पुन्हा तीच महापालिका, पुन्हा पोकलेन. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत, म्हणजे जिथे बांधायला बंदी असते त्या पट्ट्यात, बांधलेले ३६ बंगले पाडले. आता यांचं बघा, राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्येच पाडा म्हणून सांगितलेलं, लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तिथेही तेच झालं. म्हणजे वेळ मिळाला, वकील मिळाले, वरच्या कोर्टापर्यंतचे सगळे दरवाजे वाजवून झाले. आणि आमच्या ग्रुपवर? सन्नाटा, आणि मग हळहळ. 'आयुष्यभराची कमाई हो', 'लोन काढून घेतले होते बिचाऱ्यांनी', 'प्लॉट विकणाऱ्याला आत टाका', 'बांधत होते तेव्हा अधिकारी काय झोपले होते का'. अगदी योग्य प्रश्न, एकूण एक. मलाही वाईट वाटलं, टाइल्स लावलेल्या भिंती कोसळताना बघून कुणाला बरं वाटेल. पण 'नोटीस दिली होती ना' असं एकही माणूस म्हणाला नाही. मी वर स्क्रोल करून फेब्रुवारीचे मेसेज काढले, नावं तीच होती. ज्याने तेव्हा 'साहेबांना सलाम' टाकलं होतं तोच आता अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल करा म्हणत होता.

बंगलेवाला आपल्यासारखा दिसतो, त्याचं लोन आपल्या लोनसारखं असतं. काकांचं कर्ज पण त्याच बँकेचं, पण ते पत्र्याखाली बसतात, हाताला ऑइल असतं, शेजारी भंगारवाला असतो, मग तेही एका झटक्यात 'तिकडचे' होऊन जातात. आणि भंगारवाला तरी काय, त्याच्याकडे जाणारी रद्दी, जुना फ्रिज, मोडलेला सोफा आपल्याच फ्लॅटमधून जातो की. अनधिकृत आहे का, याचं उत्तर 'हो' असलं तरी कधी पाडणार, किती दिवस देणार, कुठे जायचं हे प्रश्न उरतातच, आणि बंगल्याच्या वेळी आपल्याला ते आपोआप सुचतात.

जमीनमालकांची पण एक गंमत. शेड पडले तेव्हा गावातले बरेच जण गप्प होते, भाडं बुडालं तरी जमीन मोकळी झाली, भाव येईल असा हिशोब. काही महिन्यांतच त्या भागात नगररचना योजनेचं आलं, जमिनीचा वाटा जाणार म्हटल्यावर हेच लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर. तेव्हा 'आम्हाला विचारलं का' ही घोषणा होती. शेडवाला तिथे असता तर हसला असता, पण तो तोवर चाकणच्या पुढे गेला होता.

कारण बरेच जण तिकडेच गेलेत, काही मरकळ रोडला, काही खेड तालुक्यात आत आत. काकाही. मशीन चालू झालं एकदाचं, दोन ऑपरेटर सोडून गेले, एक अजून येतो, रोजचं येणं-जाणं वाढलं म्हणून त्याला पेट्रोलचे वेगळे द्यावे लागतात. मागच्या महिन्यात मी तिकडे गेलो होतो. शेतातच शेड, पत्रा नवा, समोर डबकं, शेजारी पॅलेटवाला, आणि मागच्या बाजूला कोणीतरी वायरी जाळत होतं. मी जागामालकाला विचारलं, दादा हे एनए (बिगरशेती) वगैरे झालंय का? तो म्हणाला, 'इथं कोण विचारतंय, पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) हद्द आहे. तुम्ही बिनधास्त करा.' काका आत होते, त्यांनी ऐकलं, काही बोलले नाहीत, तीन वर्षांचं डिपॉझिट आधीच देऊन बसलेत.